दवाखान्याला कोण तपासतं?

मागच्या पावसाळ्यात माझ्या आत्याला ताप आला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नाशिकमधल्या एका वस्तीत राहते. साठी ओलांडली तरी चार घरची धुणीभांडी करते. वस्तीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे. एक खोली, मध्ये पडदा, एक टेबल, दोन बाकडी. रात्री दहापर्यंत उघडा. डॉक्टरांनी नेहमीसारखं कमरेत इंजेक्शन दिलं, तीन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, पैसे घेतले. ताप उतरला. आठ दिवसांनी इंजेक्शनच्या जागी गाठ आली, तिच्यात पू झाला. मोठ्या दवाखान्यात चीर देऊन तो काढावा लागला. पंधरा दिवस आत्या घरी बसली. चारपैकी दोन घरची कामं गेली.

मी विचारलं, "आत्या, सुई तुझ्यासमोर फोडली होती का?"

"मी काय बघत बसू? पडद्याआड देतात. आणि हे बघ पोरी, तू त्या डॉक्टरच्या वाटेला जाऊ नको. पैसे नसले तर वहीत लिहून ठेवतो तो. रात्री पोराला दम लागला तर इथं दुसरं कोण आहे?"

म्हणून त्या डॉक्टरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. गाठ सुईमुळेच झाली असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. काय झालं हे ठरवायला आत्याच्या हातात एकही कागद नाही. कोणतं इंजेक्शन दिलं ते लिहिलेलं नाही. पुडीतल्या गोळ्यांची नावं नाहीत. पैशांची पावती नाही.

मग मी एकच प्रश्न घेऊन निघाले. या दवाखान्याची तपासणी कोण करतं? एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी उलट विचारलं, "बेड आहेत का तिथे?" मी म्हटलं, नाही. "मग आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, "डॉक्टर बोगस आहे का?" मी म्हटलं, नाही, पदवी आहे. "मग काय तक्रार आहे?" तिसऱ्या टेबलावर सल्ला मिळाला, "मॅडम, त्रास झाला असेल तर ग्राहक न्यायालयात जा."

तीन टेबलं, तीन उत्तरं. त्या तिन्ही उत्तरांतून जे कळलं ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

बेड नाही म्हणून तपासणी नाही

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठी जो मुख्य कायदा आहे तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. या कायद्यात नर्सिंग होम म्हणजे जिथे आजारी माणसाला ठेवून घेतात, उपचार आणि शुश्रूषा करतात ती जागा. प्रसूतिगृहही त्यात येतं. अशा जागेची नोंदणी करावी लागते, तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि अधिकाऱ्याला आत जाऊन पाहणी करण्याचा अधिकार असतो. महापालिकेच्या हद्दीत हे काम महापालिकेचं. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, दरपत्रक लावायचं, तक्रारीसाठी व्यवस्था ठेवायची, असं त्यात आलं. रुग्णहक्कांसाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या संघटनांचं ते यश होतं, हे मान्य केलं पाहिजे.

पण जिथे रुग्णाला ठेवून घेत नाहीत तो वस्तीतला दवाखाना या कायद्याच्या बाहेर राहतो. "बेड आहेत का?" या प्रश्नाचा अर्थ हा होता.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा मात्र एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू होतो. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपला वेगळा कायदा करू म्हणून मसुदे तयार झाले, ते मसुदेच राहिले. शेजारच्या कर्नाटकात २००७ पासून खासगी वैद्यकीय संस्थांचा कायदा आहे आणि त्यात छोटे दवाखानेही येतात. म्हणजे हे अशक्य नाही. इथे ते केलेलं नाही, एवढंच.

मग दवाखान्यावर कुणाचंच लक्ष नाही का? आहे, पण तुकड्यातुकड्यांत. पदवी आणि नोंदणी खरी आहे का, हे वैद्यक परिषदा बघतात. वापरलेल्या सुया, बँडेज यांच्या कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत आणि ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहेत. मेडिकल दुकान अन्न व औषध प्रशासन बघतं. सोनोग्राफीचं मशीन असेल तर १९९४ चा गर्भलिंग निदान विरोधी कायदा येतो. कुणी कागद बघतं, कुणी कचरा बघतं, कुणी मशीन बघतं. पडद्यामागे माणसाला कसं वागवलं जातं, त्याला दिलेला उपचार सुरक्षित आहे का, हे बघायला कुणीच येत नाही.

नाशिक मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. मिसळीच्या हॉटेलला अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो. वडापावच्या गाडीलासुद्धा नोंदणी लागते, निरीक्षक येऊन नमुना नेऊ शकतो. आपण पोटात जे घालतो त्याची तपासणी आहे. आपल्या शिरेत जे घातलं जातं, त्याची नाही.

आणि हा छोटा प्रश्न नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशात दाखल न होता घेतल्या जाणाऱ्या उपचारांपैकी सुमारे ४३ टक्के खासगी डॉक्टर किंवा क्लिनिककडे होतात. सरकारी व्यवस्थेकडे होतात सुमारे ३० टक्के. म्हणजे आजारी माणूस सर्वात जास्त वेळा ज्या दारात उभा राहतो, त्याच दारावर कायद्याची नजर सर्वात कमी आहे. आपल्या वस्त्यांमध्ये तर दुसरं दार परवडतच नाही.

थर्मामीटर फिरला, डॉक्टर फिरकला नाही

तुम्ही म्हणाल, हा आरोग्याचा प्रश्न आहे, यात चळवळीचं काय? बाबासाहेबांनीच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात ते घेतलं आहे. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. अट अशी की रुग्णाला वस्तीच्या बाहेर आणायचं. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासकट बाहेर आणलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. तो परत त्याच वाटेने डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात तो पाहिला, न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवून दिलं. पुन्हा बघायला तो आला नाही. ती बाई गेली.

आता कल्पना करा, त्या दिवशी एखादा निरीक्षक हातात फॉर्म घेऊन आला असता. डॉक्टर आहे? आहे. थर्मामीटर चालू आहे? आहे. रुग्ण तपासला? तपासला. निदान केलं? केलं. औषध दिलं? दिलं. फी ठरलेली घेतली? घेतली. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या असत्या. रुग्ण मात्र मेली.

समाजशास्त्र शिकताना मी हे प्रकरण अस्पृश्यतेचं उदाहरण म्हणून वाचलं होतं. आत्याच्या गाठीनंतर मी ते तपासणीचं उदाहरण म्हणून पुन्हा वाचलं. तपासणीच्या फॉर्मवर कोणते प्रश्न छापायचे हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याच हातात कुणाचं दुःख मोजलं जाणार हे असतं. भेदभाव हा प्रश्नच फॉर्मवर नसेल तर भेदभाव झाल्याची नोंद कधीच होणार नाही. मग सरकार म्हणायला मोकळं, की तक्रारच नाही.

आज थर्मामीटर असा चार हातांतून फिरत नसेल. पण वस्तीचं नाव सांगितल्यावर आवाज बदलतो, हे आपल्यापैकी किती जणांनी अनुभवलं आहे? आडनाव विचारून मग 'अरे-तुरे' सुरू होतं. शेवटी आला त्याला आधी बोलावलं जातं. सफाई कामगाराच्या जखमेला लांबूनच बघून मलम लिहून दिलं जातं. बाईला पोटाचं दुखणं बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं लागतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली. त्यात जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. हक्क कागदावर आला. तो पाळला जातो का, हे बघायला कुणी पाठवलं?

काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच नाशिकची आणि आसपासच्या गावांची माणसं तिथे उभी राहिली. तो प्रश्न दारातून आत जाण्याच्या हक्काचा होता. दवाखान्याच्या दारातून आज आपण आत जातो. आता प्रश्न आहे आत गेल्यावर पडद्यामागे काय होतं याचा.

मेल्यावर होते ती चौकशी

नाशिककर २१ एप्रिल २०२१ विसरू शकत नाहीत. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. वाफेचे पांढरे लोट उठले, आत पुरवठा तुटला आणि त्या एका दिवसात २२ रुग्णांचा जीव गेला. ते कोरोनाशी झुंजत होते, मेले मात्र प्राणवायू थांबल्यामुळे. नातेवाईक सिलिंडर शोधत वॉर्डांमधून धावत होते, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. नंतर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली.

माझा प्रश्न त्याआधीच्या दिवसांचा आहे. शहरातल्या खासगी रुग्णालयांची तपासणी करायची जबाबदारी महापालिकेची. महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयाची तपासणी कोण करणार? जो तपासणारा तोच चालवणारा असेल तर ती तपासणी कसली? विद्यार्थ्याने स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा, अशी ही रीत झाली.

त्याच वर्षाचा हिशेब पुढे बघा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. राज्यभरच्या रुग्णालयांचं सुरक्षा ऑडिट करण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये मुंबईत भांडुपच्या मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागली. नाशिकच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, विरारच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि डझनाहून जास्त रुग्ण मेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने ११ जणांचा बळी घेतला. ऑडिटचा आदेश वर्षाच्या सुरुवातीला निघाला होता, तरी वर्ष संपेपर्यंत माणसं जळतच राहिली.

ऑडिट झालंच नसेल असं मी म्हणत नाही. कुठे झालं, त्यात काय सापडलं, त्यातलं काय दुरुस्त झालं, हे रुग्णाला कुणी सांगितलं, एवढंच विचारते. वॉर्डात दाखल होणाऱ्या माणसाला त्या इमारतीचा अहवाल बघायला मिळत नाही. तपासणी हा अधिकारी आणि संस्थाचालक यांच्यातला खासगी व्यवहार होऊन बसला आहे. जिचा जीव टांगणीला लागलेला असतो ती व्यक्ती त्या व्यवहारात कुठेच नसते. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते हे आहे: तपासणीचा अहवाल रुग्णाच्या मालकीचा आहे, आणि तो दवाखान्याच्या दारावर लागला पाहिजे.

दारावर अहवाल लागतो तिथे काय होतं?

इंग्लंडमध्ये मोहल्ल्यातल्या साध्या डॉक्टरचा दवाखानाही २०१३ पासून केअर क्वालिटी कमिशन या स्वतंत्र संस्थेच्या तपासणीखाली आहे. तपासणीचे पाच प्रश्न आहेत. दवाखाना सुरक्षित आहे का? उपचार परिणामकारक आहेत का? वागणूक माणुसकीची आहे का? लोकांच्या गरजेला तो धावून येतो का? आणि कारभार नीट चालतो का? मग 'उत्कृष्ट' पासून 'अपुरा' पर्यंत चार पायऱ्यांत दर्जा ठरतो. पूर्ण अहवाल कुणालाही वाचता येतो आणि तो दर्जा दवाखान्यात दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. वागणूक हा तिथे तपासणीचा प्रश्न आहे, ही गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे.

त्या देशालाही हे शहाणपण सहज आलेलं नाही. हाईड गावातला हॅरॉल्ड शिपमन हा एकट्याने दवाखाना चालवणारा, लोकांचा आवडता डॉक्टर होता. स्वतःच्या रुग्णांच्या खुनांसाठी त्याला २००० मध्ये जन्मठेप झाली. पुढच्या चौकशीत त्याच्या २१५ बळींची नोंद झाली. लोकांचा डॉक्टरवर विश्वास होता, पण विश्वास ही तपासणी नव्हे. इंग्लंडची व्यवस्था आदर्श आहे असंही मी सांगत नाही. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या सरकारी आढाव्यात त्या कमिशनच्याच कारभारातल्या मोठ्या त्रुटी बाहेर आल्या. तपासणाऱ्यालाही तपासावं लागतं. पण हे सगळ्यांना कळलं कशामुळे? अहवाल उघडे होते म्हणून. आपल्याकडे दवाखान्याचाच अहवाल नाही, तर तपासणाऱ्याचा कुठून येणार?

तपासणी नसते तेव्हा काय होतं तेही बघा. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा इथे हेपॅटायटिस बी ची साथ आली, अनेक माणसं मेली. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचं तिथे पुढे आलं. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात डझनावारी माणसं एचआयव्हीबाधित आढळली आणि संशय एकच सुई वापरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर आला. दोन्हीकडे यंत्रणा जागी झाली ती माणसं बाधित झाल्यावर.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. "आणखी एक इन्स्पेक्टर म्हणजे आणखी एक हप्ता." यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण हप्ता जन्माला येतो बंद खोलीत. अहवाल दारावर लागणार असेल, पाहणीच्या वेळी वस्तीतले दोन रुग्ण हजर असतील, तर पाकीट सरकवणं अवघड जातं. भ्रष्टाचाराला उत्तर उघडेपणा हे आहे, तपासणी बंद करणं हे नाही.

दुसरा आक्षेप माझ्या आत्याचा, आणि तो मला जास्त टोचतो. "तो दवाखाना बंद पडला तर आम्ही कुठे जायचं?" वस्तीतले पुष्कळ डॉक्टर बीएएमएस, बीएचएमएस आहेत. त्यांच्यात आपली पहिल्या पिढीत शिकलेली मुलंमुलीही आहेत, कर्ज काढून खोली घेतलेली. कॉर्पोरेट हॉस्पिटल फाइल सजवायला माणूस ठेवतं, त्यांना ते जमणार नाही. म्हणून छोट्या दवाखान्याचे निकष वेगळे असले पाहिजेत, पहिल्या पाहणीत शिक्षा न करता सुधारायला मुदत दिली पाहिजे, सुया-कचऱ्याची व्यवस्था महापालिकेने स्वस्तात पुरवली पाहिजे. पण "गरिबाला दुसरं काही नाही, म्हणून त्याने मिळेल ते घ्यावं" हा युक्तिवाद आपण मान्य करायचा का? हाच युक्तिवाद आपल्याला शाळेत, पाण्यावर, घरांवर शतकानुशतकं ऐकवला गेला. आत्याच्या तोंडून तो आला तरी तो आत्याचा नाही. व्यवस्थेने तो तिच्या तोंडात घातला आहे. उधारी देणारा डॉक्टर चांगला माणूस असू शकतो. चांगल्या माणसाच्या हातातली सुईसुद्धा नवीच असली पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. "अत्याचाराची प्रकरणं एवढी पडली आहेत, त्यात हे कुठून?" मित्रांनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांची राहण्याची जागा स्वतः जाऊन पाहिली. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला असता. कामगार राज्य विमा योजनेची पायाभरणी याच काळात झाली. कायदा १९४८ मध्ये आला. आपल्या सातपूरचं कामगार विमा रुग्णालय उभं आहे ते त्याच योजनेच्या आधारावर. कामाच्या जागेची सुरक्षितता हा त्यांना राजकीय प्रश्न वाटला. मग उपचाराच्या जागेची सुरक्षितता हा आपल्याला का वाटू नये? माणूस मेल्यावर आपण मोर्चा काढतो, रस्ता रोखतो, नुकसानभरपाई मागतो. ते करायलाच हवं. पण मरणानंतर जागी होणारी चळवळ आणि मरणानंतर जागं होणारं प्रशासन यांच्यात मग फरक काय राहिला?

उद्यापासून काय करता येईल

कायदा येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. आज जे नियम आहेत तेच वापरू.

एक. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असला पाहिजे, हे वैद्यकीय आचारसंहितेत २००२ पासून आहे. तो बघा, नसेल तर नम्रपणे विचारा. औषध पुडीत मिळालं तरी नाव लिहून मागा. पैसे दिले की पावती मागा.

दोन. इंजेक्शन घेताना सुई आपल्यासमोर फोडायला सांगा. गरज नसेल तर इंजेक्शनचा हट्टही धरू नका. सुई लावली की पैसे वसूल झाले, ही आपली समजूतसुद्धा सुधारायला हवी. वापरलेली सुई टोचून बाहेर न येणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते का, रक्ताचं बँडेज पिवळ्या पिशवीत जाते का, ते बघा. हा कचरा गोळा करणारी माणसं बहुतेक आपलीच असतात. उघडी सुई आधी त्यांच्या हातात घुसते.

तीन. बेड असलेल्या रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलं आहे का, ते तपासा. नसेल तर तक्रार लेखी करा, पोच घ्या.

चार. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आपल्या प्रभागात नोंदणी झालेली नर्सिंग होम किती? गेल्या तीन वर्षांत प्रत्येकाची पाहणी कोणत्या तारखेला झाली? काय त्रुटी सापडल्या? काय कारवाई झाली? सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांचं अग्निसुरक्षा ऑडिट केव्हा झालं? अहवालाची प्रत मागा. एका प्रभागात एक कार्यकर्ता, एवढं झालं तरी शहराचा नकाशा तयार होईल.

पाच. वस्तीची स्वतःची पाहणी सुरू करा. हे नवं नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. अक्षरओळख नसलेल्या बायांनी डॉक्टर कधी येतो, औषध बाहेरून आणायला लावतात का, हे भर सभेत सांगितलं. गावात जे झालं ते शहराच्या वस्तीत का होऊ नये? सरकारी असो की खासगी, दवाखान्याबद्दल विहारात महिन्यातून एक बैठक घेता येते. त्यात डॉक्टरांनाही बोलवा. त्यांचीही बाजू ऐका.

आणि सरकारकडे मागण्या चार. बेड असो वा नसो, प्रत्येक दवाखान्यासाठी कायदा करा. तपासणीचा अहवाल सोप्या मराठीत दारावर लावा. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांची तपासणी ती न चालवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, आणि त्या यंत्रणेत अनुसूचित जाती-जमातींचे, महिलांचे आणि रुग्णांचे प्रतिनिधी घ्या. तपासणीच्या फॉर्मवर भेदभावाचा रकाना ठेवा आणि तो रुग्णांना विचारूनच भरा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल, घाट यांच्या मोठमोठ्या योजना निघाल्या आहेत. पाहुण्यांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावीच. पण इथे बारा महिने राहणाऱ्या, याच शहराची भांडी घासणाऱ्या माणसाच्या कमरेत जाणारी सुई स्वच्छ आहे की नाही, याची काळजी कोणत्या आराखड्यात आहे?

आत्या परवा पुन्हा त्याच दवाखान्यात गेली होती. खोकल्यासाठी. मी सोबत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन काढलं तेव्हा आत्या म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सुई माझ्यासमोर फोडा." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि पाकीट तिच्यासमोर फाडलं. चिठ्ठीवर औषधाचं नावही लिहून दिलं. दवाखाना बंद पडला नाही. उधारीही बंद झाली नाही.

पण प्रत्येक आत्यासोबत शिकलेली भाची असेलच असं नाही. म्हणून कायदा हवा.

जय भीम!